पडद्यावरचा जिगोलो: कपडे दिसतात, गाडी दिसते, धंदा कुठे दिसतो?

तिसरी घंटा

पैसे घेऊन सोबत आणि शरीरसुख देणारा पुरुष हे पात्र सिनेमाला नवं नाही. १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मधला जो गिलिस एका उतरत्या नटीच्या पैशांवर राहतो. १९६१ च्या 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'मधल्या लेखकाचा खर्च एक श्रीमंत विवाहित बाई उचलते. १९८० मध्ये 'अमेरिकन जिगोलो' आला आणि या पात्राला कायमचा चेहरा मिळाला: रिचर्ड गिअर, अर्मानीचे कोट, लॉस एंजेलिसचं ऊन, उघड्या टपाची मर्सिडीज, मागे ब्लाँडीचं 'कॉल मी'.

माझा आक्षेप असा की हे पात्र जे काम करतं ते कामच सिनेमा दाखवत नाही. बाईवरच्या सिनेमात कोठा असतो, मालकीण असते, वाटणी असते, पोलिसाचा हप्ता असतो. त्याच धंद्यात पुरुष आला की चार गोष्टी गायब होतात. दर कोण ठरवतं? गिऱ्हाईक येतं कुठून? नको म्हणायची सोय आहे का? मधला माणूस किती कापून घेतो? त्याऐवजी आपल्याला मिळतो आरसा आणि कपाट. 'अमेरिकन जिगोलो'चा नायक ज्युलियन के पाय वर बांधून उलटा लटकतो, व्यायाम करता करता परकी भाषा घोकतो, आणि आपण ते बघत बसतो.

शेवटही दोनच ठरलेले. एक तर प्रेम करणारी बाई त्याला सोडवते, नाहीतर तो मरतो. गिलिस पोहण्याच्या तलावात तरंगतो, आपल्याकडच्या 'बी.ए. पास'मधला मुकेश गच्चीवरून उडी घेतो, ज्युलियनला मिशेल वाचवते.

याचा आपल्याशी संबंध काय, तर 'प्लेबॉय जॉब'च्या नावाखाली मुंबई-ठाणे-पुण्यात तरुण मुलांना लुबाडणाऱ्या टोळ्या याच चित्रावर जगतात. हायप्रोफाइल महिला, आलिशान हॉटेल, एका रात्रीचे हजारो रुपये. हे चित्र त्या मुलांच्या डोक्यात आधीच कुणीतरी बसवलेलं असतं.

मधल्या ओळी

साफ असहमत. १९६९ चा 'मिडनाइट काउबॉय' तुम्ही गाळलात, आणि त्याच्याशिवाय ही चर्चा होऊच शकत नाही.

टेक्सासात भांडी घासणारा जो बक काउबॉयचा पोशाख चढवून न्यूयॉर्कला येतो. इथल्या श्रीमंत बायका आपल्यासाठी पैसे मोजतील ही त्याची खात्री. आता त्याचे व्यवहार मोजा. पहिली बाई: सगळं झाल्यावर तो पैशाचा विषय काढतो, ती भडकते, रडते, आणि शेवटी हाच तिच्या हातावर २० डॉलर ठेवून बाहेर पडतो. मग रात्सो नावाचा भुरटा 'तुला चांगला मॅनेजर गाठून देतो' म्हणून पैसे उकळतो आणि त्याला एका धर्मवेड्याच्या खोलीत सोडून पसार होतो. मग बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या थिएटरात एक विद्यार्थी, ज्याच्याकडे द्यायला पैसेच नाहीत. जो त्याच्या मनगटातलं घड्याळ काढून घेऊ शकला असता, घेत नाही. पार्टीत शर्ली भेटते तेव्हा कुठे २० डॉलर ठरतात आणि खरोखर मिळतात.

दर, दलाल, बुडीत, सगळं आलं की यात. काय चुकतं तेही स्पष्ट आहे: जो पैसे आधी ठरवत नाही, आधी घेत नाही. शर्लीच्या वेळी बोलणी रात्सो करतो, म्हणून ती पार पडतात. या सिनेमाला तेव्हा 'एक्स', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र होतं आणि तरीही १९७० च्या समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. 'एक्स' असताना ते मिळवणारा तो एकमेव. पुढच्याच वर्षी एक फ्रेमही न कापता प्रमाणपत्र बदलून त्याहून सौम्य 'आर' झालं.

आणि 'अमेरिकन जिगोलो'? त्याचं सगळं कथानकच वाटणीच्या भांडणावर उभं आहे. ज्युलियन ॲन नावाच्या दलाल बाईसाठी काम करतो, पण तिला द्यायचा वाटा त्याला खुपतो, तिच्या पाठीमागे स्वतःची गिऱ्हाइकं धरतो. लिऑन या दुसऱ्या दलालाच्या शब्दाखातर पाम स्प्रिंग्सला एका जोडप्याकडे जातो. त्याच घरातल्या बाईचा पुढे खून होतो आणि संशय ज्युलियनवर येतो. तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहायला कुणी नसतं, कारण त्याने एकाही दलालाशी नीट संबंध ठेवलेले नाहीत. ज्या बाईबरोबर तो त्या रात्री होता ती नवऱ्याच्या भीतीने तोंड उघडत नाही. एकट्याने धंदा केला की साक्षीदार राहत नाही, हे याहून उघड कसं दाखवायचं? तुम्ही कपड्यांकडे बघत राहिलात.

उसवण

कपड्यांकडे बघितलं तर बिघडलं कुठे? या धंद्यात कपडा हे हत्यार आहे, आणि त्या सिनेमात ते नेमकं ओळखलं गेलंय.

त्या काळचा नेहमीचा सुटाचा कोट आतून कसा असायचा बघा. छातीत ताठ कॅनव्हास, खांद्यात पॅड, वर पूर्ण अस्तर. माणूस आत कसाही असो, कोट आपला आकार सोडत नाही. अर्मानीने आतलं हे सामान काढलं किंवा हलकं केलं, खांदा उतरता ठेवला, बटण खाली आणलं, कापड पडणारं घेतलं. परिणाम असा की कोट अंगावर झुलतो, आणि माणूस हलला की आतलं शरीर कळतं. ज्युलियनला हेच हवंय. क्लबात तो सभ्य दिसला पाहिजे, आणि जिने बघायचं तिला बाकीचंही दिसलं पाहिजे. ताठ सुटात तो वकील वाटला असता, घट्ट शर्टात बाउन्सर.

तो प्रसिद्ध प्रसंग आठवा. पलंगावर आधी कोट पसरतो, मग प्रत्येकावर एकेक शर्ट, मग टाय. टाय एका शर्टावरून उचलून दुसऱ्यावर ठेवतो, मागे सरकून बघतो, गाणं म्हणतो. सुतार कामावर जायच्या आधी पटाशा लावून बघतो तसं ते आहे. 'काम दाखवलं नाही' म्हणता, मला तर तिथे कामच दिसतं. या भूमिकेसाठी आधी जॉन ट्रॅव्होल्टा ठरला होता, मग गिअर आला. अमेरिकेत अर्मानीचं नाव घरोघरी पोचवण्यात या सिनेमाचा हात मोठा.

'सनसेट बुलेव्हार्ड'मध्येही पैशाचं नातं सगळ्यात स्वच्छ दिसतं ते कपड्याच्या दुकानात. ती उतरती नटी, नॉर्मा, गिलिसला ओव्हरकोट घेऊन देते आहे, साधा घ्यायचा की महागड्या विकुन्या लोकरीचा हा प्रश्न. विक्रेता गिलिसच्या कानाशी लागून सुचवतो की पैसे बाई देणार आहेत तर महागडाच घ्या ना. गिलिसच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं, त्यापुढे दहा बेडरूम प्रसंग फिके आहेत.

आपल्याकडच्या सिनेमा-मालिकांत या पात्राचे कपडे फसतात ते एका ठरावीक कारणाने: सगळं एकाच दिवशी विकत घेतलेलं असतं. बूट कोरे, पट्टा कोरा, शर्टाची घडी दुकानातली, कोटाचा खांदा एक माप मोठा कारण नट ऐनवेळी बदललेला. ज्याची रोजी या दिसण्यावर चालते त्याचा एकच कोट उत्तम असतो, तो तीन शर्टांवर फिरतो, आणि बुटाचा तळ दोनदा बदललेला असतो. हे दाखवायला बजेट लागत नाही, शूटिंगच्या आधी पंधरा दिवस ते बूट कुणीतरी वापरावे लागतात.

तिसरी घंटा

@मधल्या ओळी, 'मिडनाइट काउबॉय'चे व्यवहार तुम्ही सांगितलेत ते बरोबर. पण तो बाहेरून आलेल्या, धंदा न जमलेल्या माणसाचा सिनेमा आहे. जमलेल्या माणसाचा रोजचा दिवस कुठे आहे? ज्युलियनचा फोन वाजतो आणि तो निघतो. एवढंच.

@उसवण, कोटाची फोड आवडली. पण तुमच्याच शब्दांत 'जिने बघायचं तिला'. कॅमेरा त्याच्याकडे तिच्या नजरेतून बघतो, त्याच्या नजरेतून गिऱ्हाइकाकडे बघतच नाही.

पश्चिम उपनगर

इथे इतका वेळ 'बाई गिऱ्हाईक' गृहीत धरूनच सगळे बोलताय. हाच सिनेमाचा मोठा खोटेपणा आहे आणि धागाही त्यातच अडकलाय. पुरुष देहविक्री करतो तेव्हा त्याचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा पुरुष असतो. आपल्याकडचे सरकारी एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रमही अशा मुलांपर्यंत पोचतात ते मुख्यतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठीच्या कामातूनच. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या समाजासाठी उभा आहे. श्रीमंत एकाकी बाई हे पात्र प्रेक्षक पुरुषाला सोयीचं वाटतं म्हणून टिकलं.

आता धागाकर्त्यांच्या 'रोजचा दिवस' या प्रश्नावर. पडद्यावर एकदाही न दिसलेल्या गोष्टी सांगते.

कंडोम असतो, पण त्यासोबत पाण्यावर आधारित जेल लागतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, मसाजचं तेल लावलं की लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. मालिशच्या नावाखाली काम करणाऱ्या मुलांचं नुकसान नेमकं इथे होतं, कारण तेल हाताशीच असतं. कंडोम फाटला किंवा कुणी जबरदस्ती केली, तर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस न चुकता घ्याव्या लागतात. नेमकं इथेच घोडं अडतं. शुक्रवारी रात्री घडतं, शनिवार-रविवार लाजेत आणि घाबरण्यात जातो, सोमवारी दुपारपर्यंत मुदत संपत आलेली. जोखमीच्या गटासाठी दर सहा महिन्यांनी तपासणी असते, त्यात सिफिलिसचीही. ती मोफत आहे. तरीही मुलं टाळतात, कारण केंद्राबाहेर ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती.

ठिकाणाचं असं. पहिली भेट चहाच्या टपरीवर, चार माणसांत. पत्ता आणि परतायची वेळ एका मित्राला आधी कळवलेली. पाकिटात परतीच्या रिक्षापुरतेच पैसे, कारण लुटालूट व्हायची तर ती खोलीत होते आणि तक्रार करता येत नाही हे लुटणाऱ्याला ठाऊक असतं. आता मला सांगा, ज्युलियन केच्या कुठल्या प्रसंगात यातलं काही आहे?

मधल्या ओळी

@पश्चिम उपनगर, १९९१ चा 'माय ओन प्रायव्हेट आयडाहो' बघितलाय का? गस व्हॅन सँटने रस्त्यावरच्या मुलांनाच कॅफेत बसवून पहिल्या गिऱ्हाइकाबद्दल बोलतं केलंय, आणि ते बोलणं पटकथेतलं वाटत नाही. रिव्हर फीनिक्सला व्हेनिसच्या महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. गिऱ्हाईक बहुतेक पुरुषच आहेत.

पश्चिम उपनगर

बघितलाय. त्यातली कॅफेतली ती काही मिनिटं सोन्यासारखी आहेत. पण दिग्दर्शक तिथे थांबत नाही, शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'कडे वळतो. महापौराचा मुलगा वारसा मिळताच रस्त्यावरचे मित्र सोडून जातो, नायक झोपेच्या आजाराने रस्त्यात कोसळत राहतो. कविता म्हणून उत्तम. पण कॅफेत बोललेली ती मुलं पुढे कथेच्या कडेलाच राहतात, याचं मला वाईट वाटतं.

कलम आठ

पोलिसांचा विषय निघालाय, आणि आपल्या पटकथांमध्ये धाडीचा प्रसंग हमखास चुकतो, म्हणून थोडं कायद्याचं.

आपल्याकडे 'पिटा' म्हणतात तो अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. १९८६ च्या दुरुस्तीने त्यातल्या 'स्त्री किंवा मुलगी'च्या जागी 'व्यक्ती' आली, म्हणजे पुरुषही कक्षेत आला. या कायद्यात प्रौढ माणसाने खासगी जागेत, स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. गुन्हा आहे कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, माणूस मिळवून देणं, सार्वजनिक जागेच्या जवळ हा व्यवसाय करणं, आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक वळवणं. या शेवटच्यासाठी कलम ८. त्यात पुरुषासाठी वेगळी तरतूद आहे: कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन महिने. बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत, पण किमान शिक्षेची अट नाही.

'दुसऱ्याच्या कमाईवर जगणं' हे कलम ४, आणि सिनेमावाले विसरतात ते हेच. ॲन आणि लिऑन मुंबईत असते तर आधी तेच आत गेले असते. ज्युलियन नाही.

१९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात निर्देश दिले की धाडीत स्वेच्छेने काम करणाऱ्या प्रौढांना अटक करू नये, छळू नये, आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये. तेव्हा चेहऱ्यावर रुमाल धरून रांगेत बसवलेली माणसं आणि समोर कॅमेरे, हा प्रसंग लिहिणाऱ्याने निदान हे माहीत असून लिहावा.

रोजंदारी

सगळे सिनेमाच्या आत शिरून बोलताय. जरा सालं बघा, म्हणजे हे पात्र कशातून येतं ते कळेल.

पहिल्या महायुद्धानंतरचं बर्लिन. मोठ्या हॉटेलांत दुपारच्या चहाच्या वेळी पगारी नर्तक ठेवलेले असत. एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायचं, टेबलाशी बोलायचं, हॉटेलची उठबस चालू ठेवायची. हे काम करणाऱ्यांत युद्धातून परतलेले बेकार अधिकारी होते. त्यांच्यावरचं गाणं ऑस्ट्रियात लिहिलं गेलं: पूर्वीचा घोडदळातला अधिकारी, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी गेली, आता भाड्याने नाचतो. १९५६ मध्ये लुई प्रिमाने आणि १९८५ मध्ये डेव्हिड ली रॉथने तेच गाणं इंग्रजीत उडत्या चालीवर नेलं आणि तो अधिकारी त्यातून नाहीसा झाला. नाचणारा राहिला, बेकारी गेली.

त्या पगारी नर्तकांत १९२६ साली एक तरुण पत्रकार होता, बिली वाइल्डर. ईडन हॉटेलात त्याने हे काम केलं आणि जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनच्या वर्तमानपत्रात त्यावर लेखमाला लिहिली. 'सनसेट बुलेव्हार्ड' त्याचाच. म्हणून तो ओव्हरकोटाचा प्रसंग इतका खरा आहे, @उसवण. आणि गिलिस नॉर्माच्या बंगल्यात शिरतो कसा आठवा. गाडीचे हप्ते थकलेत, जप्तीवाले मागे लागलेत, टायर फुटतो, गाडी लपवायला तो दिसेल त्या फाटकातून आत वळवतो.

मग पुढे बघा. अमेरिकेत २००८ ची मंदी आली, २००९ मध्ये एचबीओवर 'हंग' सुरू झाली. डेट्रॉइटजवळचा शिक्षक, शाळेचा बास्केटबॉल प्रशिक्षक, घराला आग लागल्यावर अंगणात तंबू ठोकून राहतो आणि या धंद्यात पडतो. आपला 'देसी बॉइज' २०११ चा, लंडनमधल्या मंदीत नोकऱ्या गेलेले दोन मित्र. प्रत्येक वेळी नोकरी आधी जाते, मग हे पात्र येतं. तेव्हा धागाकर्त्यांचा 'सिनेमाने चित्र डोक्यात बसवलं' हा दावा मला उलटा वाटतो. ठाण्यातल्या फसलेल्या मुलाने रिचर्ड गिअरचं नावही ऐकलेलं नसतं. त्याने बारा ठिकाणी अर्ज केलेले असतात.

तिसरी घंटा

गिअर बघितलेला नसेल, पण 'देसी बॉइज' बघितलाय. त्याची नक्कल करणाऱ्या वेब मालिका बघितल्यात. तुम्ही ज्याला मंदी म्हणता तिचं त्या सिनेमात काय होतं? पहिल्या अर्ध्या तासात नोकरी जाते, मग गाणी, मग भाच्याच्या ताब्याचा प्रश्न, मग नायक कॉलेजात परत. काम म्हणून दिसतो तो नाच.

आणि ही फसवणूक कशी चालते ते टप्प्याटप्प्याने बघा, म्हणजे ती सिनेमाची पटकथा का आहे ते कळेल.

समाजमाध्यमावर किंवा रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या कागदावर नंबर असतो. फोन केला की बाईचा आवाज, अत्यंत सभ्य. नोंदणी शुल्क मागतात, ते मुद्दाम लहान ठेवलेलं, हजाराच्या आसपास, म्हणजे विचार करायला लागू नये. ते भरलं की ओळखपत्र येतं, त्यावर फोटो, शिक्का, मुदत. मग वैद्यकीय प्रमाणपत्राचे पैसे. मग 'मॅडम'चा फोटो आणि हॉटेलचं नाव, आणि त्याचबरोबर परत मिळणारी अनामत. ही रक्कम पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी. ती भरली की खोलीचं बुकिंग, मग कर, मग रद्द केल्याचा दंड. मधेच कधीतरी 'प्रोफाइल'साठी कपड्याविना फोटो मागून घेतलेले असतात. मुलगा थांबला की ते फोटो बाहेर येतात, किंवा पोलीस असल्याचं सांगणारा माणूस फोन करतो.

यातला प्रत्येक टप्पा पूर्वी कुठेतरी दिसलेल्या श्रीमंत बाईच्या प्रतिमेवर चालतो. पैसे गिऱ्हाइकाकडून यायचे असतात, आणि हा माणूस एकही गिऱ्हाईक न बघता भरत राहतो. खऱ्या धंद्यात मधला माणूस कमाईतून कापतो, आगाऊ मागत नाही, एवढं जरी पडद्यावर कधी दिसलं असतं तरी निम्मी मुलं दुसऱ्या टप्प्यावर थांबली असती.

रोजंदारी

नसती थांबली. हेच टप्पे मोबाइल टॉवरच्या भाड्यात आहेत, लॉटरीत आहेत, घरबसल्या व्हिडिओ लाइक करायच्या कामात आहेत. लहान शुल्क, मोठी अनामत, मग कर. त्यांच्यावर कुठला सिनेमा निघाला होता? आमिष बदलतं, सांगाडा तोच. इथे फरक एकच, की मुलगा तक्रार करत नाही, कारण काय सांगून तक्रार करायची? म्हणून टोळ्यांना हे आमिष आवडतं.

तेव्हा काम तक्रारीच्या बाजूने करायला हवं. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, दिवस गेले की ती पुढच्या खात्यांत फुटून जाते. हाताशी हवा व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, स्क्रीनशॉट. गप्पा पुसून टाकायच्या नाहीत, लाज वाटली तरी. तक्रारीत 'नोकरीच्या आमिषाने फसवणूक' लिहिलं तरी ते खरंच आहे. फोटोंची धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते.

कलम आठ

शेवटच्या परिच्छेदाला दुजोरा. फसलेला मुलगा इथे गुन्हेगार नाही. त्याने काही केलेलंच नसतं, फक्त पैसे भरलेले असतात. फोटोंची धमकी हा खंडणीचा वेगळा गुन्हा आहे, तो तक्रारीत स्वतंत्र लिहून द्यावा.

मधल्या ओळी

मूळ विषयाकडे परत येऊ. धागाकर्त्यांना हवा असलेला सिनेमा निघालाय: २०२२ चा 'गुड लक टू यू, लिओ ग्रँडे'. एमा थॉम्सन ही निवृत्त शिक्षिका, विधवा. डॅरिल मॅककॉर्मॅक हा लिओ. जवळजवळ सगळा सिनेमा हॉटेलच्या एका खोलीत, चार भेटी. काय करायचं त्याची ती यादी घेऊन येते. तो घाई करत नाही, तिच्या घाबरण्याला वेळ देतो, प्रत्येक गोष्ट विचारून करतो. आणि पेच येतो तो सीमेवरून: ती त्याचं खरं नाव शोधून काढते आणि त्याच्या तोंडावर सांगते. तो संतापतो, निघून जातो. 'नको म्हणायची सोय आहे का' या तुमच्या प्रश्नावर पूर्ण सिनेमा आहे. शिवाय ना तो मरतो, ना ती त्याला लग्न करून सोडवते.

पश्चिम उपनगर

आवडता सिनेमा आहे, तरीही तो त्या कामाची जाहिरात वाटतो हे सांगायलाच हवं. लिओला पैशाची निकड कधीच दिसत नाही. आधीचं गिऱ्हाईक कसं होतं, पुढचं कसं असेल, याची छाया त्याच्या अंगावर नाही. एक तास आधी तो कुठे होता? त्याचं दुःख आहे ते आईने तोडल्याचं, म्हणजे घरगुती. धंद्यातून आलेलं दुःख शून्य. नाव शोधून काढणारी बाई एमा थॉम्सन असते तेव्हा शेवटी माफी मागते. खऱ्या जगात नाव कळलेला माणूस ते घरी सांगायची धमकी देतो. तो प्रसंग लिहायला कुणी धजावत नाही.

तिसरी घंटा

दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच मला वाटतं की या विषयावरचा सगळ्यात कसदार सिनेमा आपल्याकडचाच आहे. 'बी.ए. पास'च्या शेवटावर मी वर टीका केली, ती कायम. पण त्यात एक गोष्ट अशी आहे जी गिअरकडे नाही, लिओकडे नाही: कमाई ठेवायची कुठे?

मुकेश आत्याकडे आश्रित. पहाडगंजची गल्ली, घरात स्वतःचं कपाट नाही, बहिणींना पैसे पाठवायचेत. रोकड येते आणि ठेवायला जागा नाही, म्हणून ती सारिकाकडेच राहते, जिने त्याला या धंद्यात आणलं तिच्याकडे. तिच्या नवऱ्याला कळल्यावर सगळं तुटतं, त्याला पैसे हवे असतात, तेव्हा तो ते आणायला मित्राला, जॉनीला पाठवतो. जॉनीला मॉरिशसला जायचंय. तो पैसे घेऊन जातो. यापुढे जे घडतं ते रक्ताचं आहे, पण मुकेश संपतो तो त्या पैशापाशीच. ना खातं, ना पावती, ना तक्रार करता येईल असा माणूस. शिल्पा शुक्लाला फिल्मफेअरचं समीक्षक पारितोषिक मिळालं आणि चर्चा तिच्या साडीची झाली. या हिशेबावर कुणी लिहिलं नाही.

रोजंदारी

आता पटलं. हाच मुद्दा वर पहिल्या पोस्टमध्ये असता तर मी वादच घातला नसता. @कलम आठ, एक शंका: मुकेशला ते पैसे कायद्याने वसूल करता आले असते का?

कलम आठ

दोन वेगळे व्यवहार आहेत. गिऱ्हाइकाने ठरलेले पैसे दिलेच नाहीत तर दावा उभा राहत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २३: ज्याचा हेतू न्यायालयाला अनैतिक वाटतो तो करार निरर्थक. म्हणून या धंद्यात उधारी चालत नाही, आणि 'मिडनाइट काउबॉय'मधली जोची चूक इथेही तितकीच महाग पडेल.

पण हाती आलेली रोकड दुसऱ्याकडे सांभाळायला देणं हा निराळा व्यवहार आहे आणि तो परत मागता येतो असं मांडता येईल. अडचण पुराव्याची. किती दिले, कधी दिले, याची मुकेशकडे एक ओळ नाही. सारिका म्हणणार, पैसे त्याच्याच माणसाला दिले. आणि ते खरंच आहे, त्यानेच जॉनीला पाठवलं होतं. पटकथेत तिथे मोबाइलवर एक संदेश असता, 'अमुक रक्कम जॉनीच्या हाती दिली, मिळाली का कळव', तर निदान जॉनीवर विश्वासघाताची फिर्याद झाली असती. बँकेत खातं उघडायला त्याला आधार आणि आत्याच्या घराचा पत्ता पुरला असता. पण पासबुक त्या घरी पोस्टाने आलं असतं आणि आत्याने ते उघडलं असतं, हेही तितकंच खरं.